आधींची कथा मागाहून

एखादा चित्रपट लोकांच्या मनांत घर करून बसला कीं कांहीं वर्षांनीं त्याच्याच कुळांतला दुसरा चित्रपट येतो, आणि अलीकडे हा दुसरा पुढची हकीकत सांगण्याऐवजीं पुष्कळदां मागची सांगूं लागला आहे. नायक हा नायक होण्यापूर्वीं कोण होता, खलनायकाच्या मनांत विष कोणीं कालविलें, शेवटीं जिंकलेला किल्ला मुळांत हातचा गेलाच कसा, असल्या प्रश्नांचीं उत्तरें घेऊन तो उभा राहतो. इंग्रजींत अशा कृतीला ‘प्रीक्वेल’ म्हणतात. मराठींत ‘पूर्वकथा’ हा शब्द पुरेसा आहे. ‘पूर्वरंग’ म्हणण्याचा मोह होतो खरा; पण तो शब्द कीर्तनकारांनीं फार पूर्वींच निराळ्या कामाला लावून ठेवला आहे. घटनेनें आधींची आणि सांगण्यानें मागाहूनची, अशी दुहेरी अट जिला लागू पडते ती पूर्वकथा.

चित्रगृहांतून घरीं परततांना अशा चित्रपटाविषयीं जो वाद होतो तो सर्वांच्या परिचयाचा आहे. जुन्याची सर नव्याला आहे काय? वडील मंडळी नाहीं म्हणतात, मुलें आहे म्हणतात, आणि वाद जेवणाच्या पानापर्यंत चालतो. परंतु या वादांत बहुधा नटाला नट आणि देखाव्याला देखावा लावून पाहिला जातो. खरा प्रश्न निराळा आहे. मागाहून सांगितलेल्या या गोष्टीनें आधीं ऐकलेल्या गोष्टीचें काय केलें? तिला खोली दिली, कीं नुसत्या तिच्या भिंतींतल्या फटी बुजविल्या?

ही रीत चित्रपटवाल्यांनीं काढलेली नव्हे. महाभारतांत श्रीकृष्ण प्रथम समोर येतो तो द्रौपदीच्या स्वयंवराच्या प्रसंगीं, म्हणजे चांगला कर्तासवरता पुरुष होऊन. त्याचें गोकुळांतलें बाळपण महाभारताच्या कथाभागांत नाहीं. तें विस्तारानें येतें हरिवंशांत, आणि हरिवंश हें महाभारताचें खिल, म्हणजे मागून जोडलेली पुरवणी. ज्यांनीं कुरुक्षेत्रावरचा कृष्ण ऐकला होता त्यांना तो लहानपणीं कसा होता हें ऐकावयाचें होतें. रामायणाविषयींहि असेंच कांहीं झालें असावें. बालकांडाचा बराचसा भाग मधल्या पांच कांडांच्या मागाहूनचा आहे, असें पुष्कळ अभ्यासकांचें मत आहे. आणि परिणाम पाहावा. दहीहंडी, गोपाळकाला, गोकुळाष्टमीचा पाळणा हें सर्व पूर्वकथेंतून आलेलें आहे. मागाहून सांगितलेलें तें मूळापेक्षां हिणकसच, असा नियम यावरून तरी निघत नाहीं.

मराठी मुलुखांतलें याचें उत्तम उदाहरण पाहावयाचें तर हिंगोली जिल्ह्यांत जावें. हा जिल्हा परभणींतून वेगळा झाला तो १९९९ सालीं. परंतु तेथील औंढा नागनाथाचें देऊळ पुरातन आहे. देवळाचें खालचें अंग यादवकालीन कोरीव दगडाचें, वरचें शिखर उत्तरकाळांत चढविलेलें. गर्भगृह जमिनीच्या पातळीखालीं असून चिंचोळ्या पायऱ्यांनीं वांकून उतरावें लागतें. या देवळाशीं नामदेव आणि त्यांचे गुरु विसोबा खेचर यांची भेट परंपरेनें जोडलेली आहे. संतमंडळींच्या मेळ्यांत गोरोबाकाकांनीं थापटण्यानें एकेकाचें डोकें ठोकून पाहिलें आणि नामदेवांचें मडकें तेवढें कच्चें ठरविलें. मग गुरूच्या शोधांत निघालेले नामदेव औंढ्यास आले. पाहतात तों एक वृद्ध पुरुष शिवलिंगावर पाय ठेवून खुशाल निजलेला. नामदेवांनीं हरकत घेतली तेव्हां तो म्हणाला, जेथें देव नसेल तेथें माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय जिकडे नेत तिकडे पिंडी उभी राहूं लागली.

हिंगोलीकडच्या मुलाला ही गोष्ट आधीं भेटते. विसोबा त्याला प्रथम दिसतात ते गुरु म्हणून. पुढें केव्हां तरी, ज्ञानदेवांचें आख्यान ऐकतांना, दुसरा एक विसोबा त्याच्या कानीं येतो. हा आळंदीचा विसोबा चाटी. संन्याशाचीं पोरें म्हणून वाळींत पडलेल्या चार भावंडांचा हा कट्टर द्वेष्टा. मुक्ताबाईला मांडे करावयाचे होते. त्यासाठीं लागणारें खापर तिला कुंभारांनीं देऊं नये, अशी याची तंबी. ज्ञानदेवांनीं जठराग्नि चेतवून आपली पाठ तापविली, मुक्ताबाईनें तिच्यावर मांडे भाजले, आणि हें चोरून पाहणारा विसोबा त्या पंक्तीचें उष्टें वेंचण्यासाठीं धांवत आला. परंपरा हा विसोबा आणि औंढ्याचा विसोबा एकच मानते.

आतां औंढ्याची गोष्ट पुन्हां आठवून पाहावी. तिच्यांतला एक शब्दहि बदललेला नाहीं, आणि तरी ती पूर्वींची राहिलेली नाहीं. जो मनुष्य एके काळीं कोणाला काय मिळूं नये याचे हिशेब ठेवीत असे, तोच आतां देव नसलेली जागा दाखव म्हणून विचारतो आहे. हा प्रश्न नुसत्या ज्ञान्याचा राहिला नाहीं, चुकलेल्याचा झाला. आणखीहि एक गोष्ट ध्यानांत येते. ज्यानें कुंभारांना दटावून खापर नाकारविलें, त्याच्याकडे त्याचा सर्वांत मोठा शिष्य आला तो एका कुंभारानें कच्चें मडकें ठरविल्यामुळें. हें कोणीं जुळवून ठेवलें असेल असें नव्हे. परंतु दोन गोष्टी शेजारीं आल्यावर त्या एकमेकींशीं बोलूं लागतात, आणि चांगल्या पूर्वकथेचें काम एवढेंच असतें.

चित्रपटांच्या पूर्वकथांवर पहिला आक्षेप असा घेतला जातो कीं, शेवट आधींच ठाऊक असल्यानें उत्कंठा उरत नाहीं. मराठी प्रेक्षकाच्या बाबतींत या आक्षेपांत फारसा दम नाहीं. तो पिढ्यान्‌पिढ्या कीर्तनाला बसलेला आहे. उत्तररंगांतल्या आख्यानाचा शेवट कीर्तनकाराइतकाच श्रोत्यालाहि पाठ असतो. सीता परत येणार, हरिश्चंद्राची सुटका होणार, हें ठाऊक असूनहि डोळ्यांना पदर लागतो. खरी अडचण वेगळीच आहे. मूळ कृतीनें कांहीं जागा रिकाम्या ठेवलेल्या असतात, आणि त्या प्रत्येक प्रेक्षकानें वर्षानुवर्षें आपापल्या मनानें भरलेल्या असतात. पूर्वकथा येते ती त्या जागांवर आपला सामानसुमान मांडूं लागते. ‘पहिल्याची सर नाहीं’ या तक्रारीच्या तळाशीं पुष्कळदां ही बेदखल झाल्याची भावना असते. अशा प्रेक्षकाला हटवादी म्हणून हंसणें बरें नव्हे. त्याचें कांहींतरी खरोखरच गेलेलें असतें.

मराठी बोलपटांच्या इतिहासांत या जातीचा पहिला मोठा प्रसंग ‘प्रभात’च्या घरांत घडला. प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ १९३६ सालीं आला. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल, लेखन शिवराम वाशीकरांचें, संगीत केशवराव भोळे यांचें. तुकोबांच्या भूमिकेंत विष्णुपंत पागनीस आणि जिजाईच्या भूमिकेंत गौरी. मुंबईंत एकाच चित्रगृहांत तो वर्षाहून अधिक काळ चालला, आणि १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत त्याचा गौरव झाला. त्यांतलें एक पद शांताराम आठवले यांनीं लिहिलें होतें. तें इतकें तुकोबांच्या वळणाचें उतरलें कीं अस्सल अभंग म्हणून लोकांच्या तोंडीं बसलें. पुढें चार वर्षांनीं, १९४० सालीं, त्याच दोघा दिग्दर्शकांनीं आणि त्याच लेखकानें ‘संत ज्ञानेश्वर’ दिला. कथानकाच्या दृष्टीनें हा पहिल्याचा पूर्वभाग नव्हे, दोहोंच्या काळांत साडेतीन शतकांचें अंतर आहे. पण संप्रदायाच्या दृष्टीनें तो पूर्वभागच होय. ज्ञानदेव पाया आणि तुकोबा कळस, हें रूपक तुकोबांच्या शिष्या बहिणाबाई यांच्या नांवानें घरोघर चालत आलेलें आहे. प्रभातनें कळस आधीं दाखविला आणि पाया मागाहून.

मग तुलना झाल्यावांचून राहते कशी? ‘तुकारामा’चें बळ त्याच्या चुलीपाशीं होतें. जिजाईचा फटकळपणा, पोरांची भूक, घरांतलें रितेपण हीं इतकीं खरीं होतीं कीं चमत्कार आले तरी ते त्या घरांत पाहुण्यासारखे आले. ‘ज्ञानेश्वरां’त चमत्काराला यजमानपण मिळालें. रेड्याच्या मुखीं वेद आणि चालती भिंत हीं दृश्यें त्या काळच्या यांत्रिक साधनांच्या मानानें अपूर्व साधलेलीं होतीं, आणि शाहू मोडकांची मुद्रा तर अशी शांत कीं पुढें त्यांच्याकडे देवादिकांच्या भूमिकांची रीघच लागली. परंतु तुकोबा पडद्यावर हळूहळू तुकोबा होतात. ज्ञानदेव येतात तेच ज्ञानदेव होऊन. जो आरंभापासूनच पूर्ण आहे त्याची आधींची कथा ती काय सांगावयाची? त्या चित्रपटांत पहिल्याच्या तोडीचें जें कांहीं आहे तें त्या बहिष्कृत कुटुंबांत आहे. आईबापांच्या माथीं आलेलें प्रायश्चित्त, दारोदार फिरणारीं चार पोरकीं मुलें, आणि दारें लावून घेणारें गांव. येथें भिंत चालत नाहीं, आणि तिची आठवणहि होत नाहीं.

ही जागा नेमकी कोठें आहे हें सुमारें सात शतकांपूर्वीं एकानें ओळखलें होतें. नामदेवांच्या नांवावर ज्ञानदेवांच्या चरित्राचीं तीन प्रकरणें आहेत: आदि, तीर्थावळी आणि समाधि. नामदेवांचें जन्मगांव परंपरेनें हिंगोली जिल्ह्यांतलेंच नरसी हें मानतात. कांहीं जण पंढरपूर म्हणतात. तीर्थयात्रेंत नामदेव ज्ञानदेवांच्या सोबत होते आणि १२९६ सालच्या समाधीच्या वेळीं ते हजर होते, असें परंपरा सांगते. म्हणजे या दोन प्रकरणांतला मजकूर डोळ्यांनीं पाहिलेला. ‘आदि’चें तसें नाहीं. विठ्ठलपंतांनीं संन्यास घेतला, गुरूच्या आज्ञेनें ते पुन्हां संसारांत आले, आणि समाजानें त्यांना थारा दिला नाहीं, ही हकीकत मित्र जन्मण्यापूर्वींची. मित्र गेल्यावर मागें राहिलेल्या माणसाला त्याच्या आईबापांची विचारपूस करावीशी वाटते, तशी ही पूर्वकथा आहे. तींत ज्ञानदेवांच्या थोरवीचें स्पष्टीकरण नाहीं. त्यांच्या पाठीमागें किती दुःख उभें होतें तेवढें ती दाखविते.

आजच्या मराठी चित्रपटांत या प्रश्नाचें सर्वांत मोठें प्रात्यक्षिक दिग्पाल लांजेकर यांच्या ‘शिवराज अष्टक’ या मालिकेंत पाहावयास मिळतें. आणि तें प्रात्यक्षिक आहे याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. २०१८ सालीं ‘फर्जंद’ आला. त्यांत कोंडाजी फर्जंदानें साठ मावळ्यांनिशीं पन्हाळा घेतला तो १६७३ चा पराक्रम. २०१९ च्या ‘फत्तेशिकस्त’मध्यें लाल महालांतली शाएस्तेखानाची फजिती, म्हणजे १६६३. २०२२ च्या फेब्रुवारींत ‘पावनखिंड’, म्हणजे १६६०. त्याच सालच्या एप्रिलांत ‘शेर शिवराज’, म्हणजे १६५९ चा अफजलखानवध. चित्रपट पुढें चालले आणि काळ पायरी पायरीनें मागें उतरला. ‘सुभेदार’ या २०२३ च्या चित्रपटांत तान्हाजीच्या सिंहगडाबरोबर काळ पुन्हां १६७० वर आला, पण तोंपर्यंतचे चारहि चित्रपट उलट्या क्रमानें लागलेले आहेत. प्रत्येकाचा प्रसंग स्वतंत्र आहे हें खरें. तरी ज्यानें ते आले तसे पाहिले त्याच्यापुरता प्रत्येक पुढचा चित्रपट मागच्याची पूर्वकथाच ठरला.

या उलट्या वाटेनें काय साधलें तें पन्हाळ्याच्या बाबतींत सर्वांत स्पष्ट दिसतें. अफजलखान पडला १० नोव्हेंबर १६५९ रोजीं. त्यानंतर अठराच दिवसांत पन्हाळा महाराजांच्या हातीं आला. पुढच्या वर्षीं सिद्दी जौहरचा वेढा पडला, जुलैंत महाराज रात्रीं निसटून विशाळगडाकडे गेले, मागें घोडखिंडींत बाजीप्रभु पडले, आणि सप्टेंबरांत किल्ला आदिलशाहीला सोंपवावा लागला. तो परत आला ६ मार्च १६७३ रोजीं. ‘फर्जंद’ प्रथम पाहणाऱ्याला पन्हाळा हा एक कठीण किल्ला होता आणि कोंडाजीचें कृत्य हें एक अचाट साहस होतें. ‘पावनखिंड’ पाहून झाल्यावर तोच किल्ला तेरा वर्षांच्या देण्यासारखा वाटूं लागतो. साठ माणसें अंधारांत कडा चढतात तीं कोणाचें ऋण फेडण्यासाठीं, हें प्रेक्षकाला आतां ठाऊक असतें; चार वर्षांपूर्वीं तो चित्रगृहांतून बाहेर पडला तेव्हां ठाऊक नव्हतें. ‘पावनखिंडी’विषयीं लोकांना जें प्रेम वाटलें त्यांत अजय पुरकरांच्या बाजीप्रभूंचा वांटा मोठा आहे, पण हा धागाहि त्यांत नकळत ओवला गेला असावा.

अडचणीहि याच वाटेवर दिसतात. चारहि चित्रपटांत महाराजांची भूमिका चिन्मय मांडलेकर यांनीं केली आहे. २०१८ सालीं त्यांनीं त्रेचाळीस वर्षांचे शिवाजी महाराज उभे केले. चार वर्षांनीं, स्वतः चार वर्षांनीं वडील होऊन, एकोणतीस वर्षांचे. नट वाढत जातो आणि राजा लहान होत जातो, ही पूर्वकथेची जुनी पंचाईत आहे, आणि रंगभूषा तिला थोडीफारच झांकूं शकते. परंतु चेहऱ्याचें वय क्षम्य आहे. मनाचें वय बदललें आहे कीं नाहीं, हा खरा प्रश्न. प्रतापगडच्या भेटीपूर्वीं अवघे दोन महिने आधीं सईबाई वारल्या होत्या. संभाजीराजे दोन वर्षांचे होते. समोर आलेला सरदार विजापूरच्या नामांकितांपैकीं. अशा वेळच्या तरुण माणसाच्या मनाची घालमेल ही पूर्वकथेची खरी संपत्ति. ‘शेर शिवराज’मध्यें तिला किती वेळ मिळाला आणि तलवारींना किती, याचा हिशेब प्रेक्षकांनीं आपापला केलेलाच आहे. कित्येकांची तक्रार अशी कीं १६५९ चे महाराज १६७३ च्या महाराजांइतकेच निःशंक दिसतात. ही तक्रार ‘ज्ञानेश्वरां’वरच्या तक्रारीची सख्खी बहीण होय. पूज्य पुरुषाची पूर्वकथा सांगतांना त्याला अपूर्ण दाखविण्याचें धैर्य लागतें, आणि आपल्याकडे तें दाखविणाऱ्याला निर्धास्त राहतां येत नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

परदेशांत पूज्यभावाची ही अडचण नाहीं, म्हणून तेथल्या यशापयशाकडे पाहणें बोधक आहे. फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांनीं १९७२ सालीं ‘गॉडफादर’ हा गुन्हेगार घराण्यावरचा चित्रपट केला. त्यांतला म्हातारा विटो मार्लन ब्रॅन्डो यांनीं अजरामर केला. १९७४ सालच्या दुसऱ्या भागांत तोच विटो तरुणपणीं रॉबर्ट डी नीरो यांनीं उभा केला, आणि एकाच पात्रासाठीं दोघांहि नटांना ऑस्कर मिळालें. पहिल्यापेक्षां दुसरा सरस असें म्हणणारा पक्ष तेव्हांपासून आजतागायत आहे. त्याचें कारण नुसता अभिनय नव्हे. कोपोलांनीं बापाची आधींची आणि मुलाची पुढची कथा एकाआड एक मांडली. परमुलखांत आलेला बाप गल्लींतल्या माणसांना धरून घर उभारतो आहे, आणि सत्ता हातीं आलेला मुलगा तेंच घर एकेका माणसागणिक मोकळें करतो आहे. बापाच्या कथेनें पहिल्या चित्रपटांतलें कोडें सोडविलें नाहीं. मुलाच्या अपराधाचें माप मात्र दिलें.

उलट उदाहरण जॉर्ज लूकस यांच्या ‘स्टार वॉर्स’चें. मूळ चित्रपट १९७७, १९८० आणि १९८३ सालीं आले. त्यांची पूर्वकथा सांगणारे तीन १९९९ पासून २००५ पर्यंत. मूळ कथेंत ‘फोर्स’ म्हणून एक अदृश्य विश्वशक्ति आहे. तिच्याविषयीं जुना गुरु दोन वाक्यें बोलतो आणि थांबतो. १९९९ च्या चित्रपटांत ती शक्ति कोणांत किती आहे हें रक्तांतल्या सूक्ष्म जीवांच्या गणतीवरून सांगितलें गेलें. जुन्या चाहत्यांना हें अतिशय झोंबलें. आंकडा चुकला म्हणून नव्हे; मोजमाप आलें म्हणून. आजीनें सांगितलेल्या गोष्टींतल्या राक्षसाचा जीव पोपटांत कां, याचें वैद्यकीय कारण कोणीं सांगूं लागावें, त्यांतलाच प्रकार. पण त्याच कुळांतला २०१६ चा ‘रोग वन’ पुष्कळांना आवडला. १९७७ च्या चित्रपटाच्या आरंभीं शत्रूच्या शस्त्राचे नकाशे चोरल्याचा ओझरता उल्लेख आहे. तो उल्लेख ज्यांच्या जिवावर शक्य झाला त्या माणसांची ही कथा. तीं सर्व मरणार हें पहिल्यापासून दिसत असतें, कारण मूळ चित्रपटांत त्यांचें नांवहि नाहीं. घोडखिंडींतलें बळ येथेंहि तेंच आहे.

आपल्याकडच्या दक्षिणेंतहि हा प्रयोग जोरांत आहे. ‘बाहुबली’चा पहिला भाग २०१५ सालीं कटप्पानें बाहुबलीला कां मारलें हा प्रश्न टाकून संपला, आणि दोन वर्षें सारा देश उत्तर मागत राहिला, मागच्या कथेला याहून मोठें आमंत्रण कोणतें? ऋषभ शेट्टी यांनीं २०२२ च्या ‘कांतारा’नंतर २०२५ सालीं शतकें मागें जाऊन तिची पूर्वकथा सांगितली, आणि तिलाहि गर्दी लोटली. गर्दी हें मात्र या प्रश्नाचें उत्तर नव्हे. मूळावरच्या प्रेमानेंच ती तिकिटें खपलेलीं असतात.

घरोघरीं पडणारा एक व्यावहारिक प्रश्न येथें निघतो. मुलांना हे चित्रपट कोणत्या क्रमानें दाखवावे? घटनांच्या क्रमानें, कीं जसे निघाले त्या क्रमानें? ‘स्टार वॉर्स’चे भाग एक ते सहा अशा आंकड्यांनीं पाहणाऱ्या मुलाला खलनायक हा नायकाचा पिता आहे हें तिसऱ्या भागांतच कळून चुकतें, आणि १९८० सालीं चित्रगृहें ज्या एका वाक्यानें स्तब्ध झालीं त्या वाक्याचें त्याला कांहींच वाटत नाहीं. शिवचरित्राच्या चित्रपटांत असें कोणतेंहि गुपित नाहीं, म्हणून १६५९ पासून क्रमानें दाखविण्यास हरकत नाहीं असें वाटेल. परंतु जो आधीं पन्हाळा जिंकलेला पाहतो आणि मग तो कसा गमावला हें पाहतो, त्याच्या मनांतला तो उलटा फिरणारा विचार क्रमानें पाहणाऱ्याला मिळणार नाहीं. जसें सांगितलें गेलें तसेंच दाखवावें, हें बरें. इतिहासाचा क्रम शाळेंत शिकविलाच जातो.

आतां पुन्हां हिंगोलीकडे वळावयाचें, कारण रसिकांनीं पूर्वकथा नाकारल्याचें उदाहरणहि तेथलेंच आहे. नामदेव तरुणपणीं वाटमारी करीत. औंढ्याच्या देवळांत एका विधवेचें भुकेलें मूल रडतांना त्यांनीं पाहिलें. त्याचा बाप आपल्याच हातून मेला हें कळतांच त्यांना पश्चात्ताप झाला आणि ते भक्त झाले, अशी एक आख्यायिका आहे. नाट्य म्हणून तिच्यांत काय कमी आहे? देऊळ तेंच, अपराध मोठा, पालट मोठा. विसोबांच्या गोष्टीसारखीच ती दिसते. तरीहि बहुतेक अभ्यासकांनीं आणि वारकऱ्यांनीं ती मान्य केलेली नाहीं. ‘नामा’ ही मुद्रा घेऊन लिहिणारे कवि एकाहून अधिक झाले, त्यांत हा घोटाळा झाला असावा, असें अभ्यासक सांगतात. वारकऱ्याचें कारण त्याहून साधें आहे. त्याच्या कानांतला नामदेव देवाशीं लेंकरासारखा हट्ट करणारा आहे; त्या आवाजांत कोठेंहि तलवारीचा खणखणाट नाहीं. विसोबांच्या औंढ्यांतल्या उत्तराला पूर्वायुष्यांतल्या चुकीची खूण आहे, म्हणून ती पूर्वकथा रुजली. नामदेवांच्या आर्जवाला वाटमारीची खूण नाहीं.

त्यांच्या बाळपणाची दुसरी एक कथा मात्र सर्वांनीं पत्करली. वडिलांनीं नैवेद्य देऊन देवळांत पाठविलें, आणि देव जेवेना म्हणून पोरानें तेथेंच डोकें आपटावयास घेतलें, ती कथा. चमत्काराच्या दृष्टीनें तीहि तितकीच अशक्य; पण मोठेपणींचा सगळा हट्ट तींत लहान होऊन बसलेला आहे. नरसी हें गांव कयाधू नदीच्या कांठीं आहे, आणि कयाधू हें प्रह्लादाच्या आईचेंहि नांव. दैत्याच्या पोटीं भक्त कसा निपजला, या प्रश्नाचें उत्तर भागवतांत प्रह्लाद स्वतःच आपल्या सोबत्यांना देतो. आई गरोदर असतां नारदांच्या आश्रमांत राहिली होती आणि तेथला उपदेश आपण गर्भांत ऐकला, असें तो सांगतो. तीहि मागाहून सांगितलेली आधींची कथा, आणि तिचा प्रश्न मूळ गोष्टींतच उभा होता.

नामदेवांची म्हणून लहान मुलाला आजहि प्रथम सांगितली जाते ती नैवेद्याची गोष्ट, औंढ्याच्या पायऱ्या उतरतांना आठवते ती विसोबांची. वाटमाऱ्याची गोष्ट पुस्तकांत छापलेली आहे, आणि बहुधा ती तेथेंच राहील.